आर शिकायला पुस्तक कोणतं घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी. ॲग्रीचं दुसरं वर्ष. शेतात आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटायच्या) लावली होती, चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन, म्हणजे पाच ब्लॉक. गाइडनी सांगितलंय, ॲनालिसिस आरमध्ये, म्हणजे संख्याशास्त्रासाठीच्या त्या संगणकभाषेत, करून आणा. प्रोग्रामिंग आयुष्यात केलेलं नाही, स्टॅटिस्टिक्सचा पेपर सुटण्यापुरता केला. सीनियरकडून अकरा पुस्तकांची यादी मिळाली, त्यातली दोन विकत घेतली, एक नेटवरून उतरवलं आणि तिन्ही चौथ्या प्रकरणाच्या आसपास अडली आहेत. आता यातलं चांगलं कोणतं, ते तुम्हाला हवंय.

यादी बघितली. त्यात वाईट पुस्तक एकही नाही. गोची अशी, की ती अकरा पुस्तकं अकरा वेगळ्या माणसांसाठी लिहिलेली आहेत आणि बहुतेकांच्या लेखकांपुढे तुमच्यासारखा वाचक नव्हता.

"आर शिकायचंय" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन कामं एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. एक म्हणजे भाषा: व्हेक्टर, फंक्शन, लूप वगैरे. दुसरं, एक्सेलमधला गबाळा डेटा नीट रांगेला लावणं आणि त्याचे आलेख काढणं. तिसरं, संख्याशास्त्र: कुठली चाचणी लावायची, का लावायची आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा. बहुतेक पुस्तकं यातलं एक नीट शिकवतात, दुसरं तुम्हाला येतं असं धरून चालतात आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. चौथ्या प्रकरणाशी गाडी अडते ती यामुळे. लेखकाने धरून चाललेली गोष्ट साधारण तिथेच पहिल्यांदा लागते.

उदाहरण तुमच्याच यादीतलं घ्या. 'आर फॉर डेटा सायन्स' हे विकम आणि ग्रोलमंड यांचं पुस्तक सगळे सुचवतात, मीही सुचवतो. २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत चेटिंकाया-रुंडेल यांचंही नाव आहे, आणि अख्खं पुस्तक नेटवर फुकट वाचता येतं. डेटा आवरायला आणि आलेख काढायला याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही. पण त्यात ॲनोव्हा (ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स, ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची रीत) शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. पहिल्या आवृत्तीत मॉडेलिंगचा एक भाग होता, तो दुसरीत काढून टाकला. लेखकांचं बरोबरच आहे, ते दुसरं काम शिकवायला बसलेत. तुमच्या गाइडनी मागितलंय ते तिसरं.

माझं काम काय, तेही सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. गेली अठरा वर्षं मी संशोधन करणाऱ्या मुलामुलींचे थिसिसचे आकडे बघतो. बहुतेक शेतीतले, थोडे फार्मसीचे, थोडे समाजशास्त्राचे. त्यामुळे "पुस्तक वाचून माणूस प्रोग्रामर झाला का" हे मी बघत नाही. "टेबल बरोबर आलं का, आणि समोर बसून ते समजावून सांगता येतं का" एवढंच बघतो. तुम्हाला पुढे डेटाच्या नोकरीत जायचं असेल तर माझा क्रम उलटा करावा लागेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता एक टेबल दाखवतो. हे माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी येतंच. तुमच्यासारखीच आरबीडी, चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन, म्हणजे वीस प्लॉट. मुलाने एक्सेलमध्ये ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये १, २, ३, ४ असे आकडे टाकलेले, रेप्लिकेशनच्या कॉलममध्ये १ ते ५. पुस्तकात बघून एओव्ही हे ॲनोव्हाचं फंक्शन चालवलं. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. टेबल छापून आलं: रेप्लिकेशनसमोर डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, गटांच्या संख्येहून एक कमी असायला हवा) १, ट्रीटमेंटसमोर १, एररसमोर, म्हणजे उरलेल्या फरकासमोर, १७. पोराने ते तसंच थिसिसमध्ये चिकटवलं.

बरोबर टेबलात काय असायला हवं? रेप्लिकेशन ४, ट्रीटमेंट ३, एरर १२, बेरीज १९. मग १ कुठून आला? आरने ट्रीटमेंटचे १, २, ३, ४ हे खरेच आकडे समजले. त्याच्या लेखी चौथी ट्रीटमेंट दुसरीच्या दुप्पट झाली, आणि त्याने त्यातून एक सरळ रेघ काढून दिली. ट्रीटमेंट ही नुसती नावं आहेत हे त्याला सांगावं लागतं. ते सांगण्याचा शब्द म्हणजे फॅक्टर. आता या एका चुकीत बघा: फॅक्टर ही गोष्ट भाषेची, कॉलम कसा भरला ही डेटा आवरण्याची, आणि डीएफ ३ हवा होता हे ओळखणं संख्याशास्त्राचं. तिन्ही कामं एका ओळीत आली. फक्त भाषेचं पुस्तक वाचलेल्याला ही चूक दिसत नाही, कारण आरने कुठे कुरकूर केलेली नसते.

म्हणून नवख्या माणसाला पुस्तक सुचवताना मी एकच गोष्ट बघतो: त्याच्या हातात जसा डेटा आहे, तसाच डेटा घेऊन सुरुवातीपासून शेवटच्या टेबलापर्यंत नेणारं निदान एक उदाहरण त्या पुस्तकात आहे का.

तुमच्यासाठी माझं उत्तर आहे पीटर डालगार्ड यांचं 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स विथ आर'. स्प्रिंगरचं, दुसरी आवृत्ती २००८ची. हे डेन्मार्कचे जीवसंख्याशास्त्रज्ञ, आर ज्यांच्या हातून घडतं त्या मूळ चमूतले. पुस्तक आटोपशीर आहे, इंग्रजी सरळ आहे, प्रत्येक प्रकरणाला थोडे स्वाध्याय आहेत आणि त्यांची उत्तरं मागे दिली आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला ही उत्तरं किती लागतात हे पुस्तकं लिहिणारे पुष्कळदा विसरतात. सगळा डेटा एका पॅकेजमध्ये (आरला जोडायच्या तयार संचात) मिळतो, त्यामुळे आकडे टाइप करण्यात वेळ जात नाही.

"पण ते तर डॉक्टरांसाठी आहे," असं तुम्ही म्हणाल. उदाहरणं वैद्यकातली आहेत, खरंय. तरी सातवं प्रकरण उघडा. तिथे नऊ हृदयरुग्णांना एक औषध दिलंय आणि प्रत्येकाचे ठोके चार वेळा मोजलेत: औषधाआधी, मग ३०, ६० आणि १२० मिनिटांनी. छत्तीस आकडे. रुग्णाच्या जागी ब्लॉक वाचा, वेळेच्या जागी ट्रीटमेंट वाचा. झाली तुमची आरबीडी. डीएफ ८, ३ आणि २४. माणसामाणसांतला फरक बाजूला काढून औषधाचा परिणाम बघायचा आणि वाफ्यावाफ्यांतल्या जमिनीचा फरक बाजूला काढून खताचा परिणाम बघायचा, हिशेब तोच. हे उदाहरण हाताने टाइप करा. मग त्याच ओळींत स्वतःचे वीस आकडे घाला.

अख्खं पुस्तक वाचू नका. पहिलं, दुसरं, चौथं आणि सातवं प्रकरण पुरे. पाचवं वाचलंत तर बरं, सहावं पुढच्या महिन्यात. सर्व्हायव्हल ॲनालिसिसचं प्रकरण तुमच्यासाठी नाही. रोज तासभर दिलात तर तीन आठवडे लागतील, पण हा अंदाज माझ्याकडे येणाऱ्या मुलांवरून बांधलेला आहे. कापणीचे दिवस असतील तर दुप्पट धरा.

२००८चं पुस्तक आज कसं चालेल? हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण आरच्या पुस्तकाचं वय हा प्रकार विचित्र आहे.

आरचा गाभा फार हळू बदलतो. त्याचं मूळ बेल लॅब्जमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या एस या भाषेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच धाटणीची आर बांधली, आणि १.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. तेव्हाच्या पुस्तकातला ॲनोव्हा आजही तसाच चालतो. पॅकेजांवर बेतलेली पुस्तकं मात्र लवकर शिळी होतात. लांब-रुंद डेटा उलटापालटा करायची जी फंक्शनं २०१७च्या पुस्तकात आहेत, त्यांच्या जागी २०१९पासून दुसरी आली. जुनी अजून चालतात, पण नवी उत्तरं सगळी नव्या नावांनी मिळतात आणि शिकणारा गोंधळतो.

गाभ्यात झालेले दोन बदल मात्र माहीत असू द्या, कारण जुन्या पुस्तकातलं उत्तर जुळलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देतो. पहिला एप्रिल २०२०चा, ४.० आवृत्तीतला. त्याआधी फाइल वाचताना अक्षरांचा कॉलम आपोआप फॅक्टर व्हायचा, आता होत नाही. जुनं पुस्तक म्हणेल, लेव्हल्स विचारा, जातींची नावं दिसतील. तुम्हाला दिसेल नल, म्हणजे काहीच नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, कॉलमला फॅक्टर करा आणि पुढे चला. दुसरा बदल २०१९चा, ३.६ मधला. यादृच्छिक निवड करणाऱ्या सॅम्पल या फंक्शनची आतली रीत बदलली. पुस्तकातलाच सीड (निवड कुठून सुरू करायची तो आकडा) टाकला तरी निवड वेगळी येते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने या पायी दोन दिवस घालवले होते. तिला वाटलं लॅपटॉप बिघडलाय.

तिसरी गोष्ट खास आपल्या कामाची. गावांची किंवा वाणांची नावं देवनागरीत असतील तर विंडोजवर पूर्वी फार छळ व्हायचा. अक्षरांच्या जागी कंसातले सांकेतिक आकडे उमटायचे. २०२२च्या ४.२ पासून विंडोज १० आणि पुढच्यावर ते नीट झालं. जुन्या पुस्तकातली एन्कोडिंगची पानं खुशाल ओलांडा, फक्त आर नवी घ्या.

आता दुसरं पुस्तक. तुमच्या यादीत ते नाहीच, आणि त्यात आरचा एक शब्दही नाही. पानसे आणि सुखात्मे यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स', भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढलेलं. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात बहुधा असेलच, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे रोमला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघत होते. हे पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा आकडेमोड हाताने व्हायची, त्यामुळे वर्गांची बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स), करेक्शन फॅक्टर, सगळं पायरीपायरीने मांडलेलं आहे. त्यातलं आरबीडीचं एक सोडवलेलं उदाहरण घ्या, आकडे आरमध्ये भरा, आणि एफ (ॲनोव्हाच्या टेबलातला निकालाचा आकडा) जुळतो का बघा. दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या आकड्यात थोडा फरक चालेल. जुळला की तुम्हाला कळेल, आर आत नेमकं काय करतो. एवढा खात्रीचा स्वाध्याय मला एकाही परदेशी पुस्तकात सापडलेला नाही.

हे पुस्तक सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे थिसिसमध्ये सीडी (क्रिटिकल डिफरन्स) लागते, आणि टेबलाखाली एसई(एम), म्हणजे सरासरीचा स्टँडर्ड एरर, लिहावा लागतो. परदेशी पुस्तकात सीडी हा शब्द शोधून सापडत नाही, मुलं हैराण होतात. तिकडे तिला एलएसडी (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स) म्हणतात, वस्तू तीच. अग्रिकोले नावाचं पॅकेज आहे, त्यात एलएसडी टेस्टचं फंक्शन आहे, ते सीडी काढून देतं. पण एकदा हाताने काढा. समजा एररचा मीन स्क्वेअर १.६ आला आणि रेप्लिकेशन ५ आहेत. दोन गुणिले १.६, भागिले ५, म्हणजे ०.६४, त्याचं वर्गमूळ ०.८. एररचा डीएफ १२, त्याला पाच टक्क्यांवर टीची किंमत २.१७९. गुणाकार १.७४. दोन ट्रीटमेंटच्या सरासरीत याहून जास्त अंतर असेल तर फरक धरायचा. तोंडी परीक्षेत हा हिशेब विचारला तर पॅकेजचं नाव सांगून सुटका होत नाही.

एखादा प्लॉट जनावरांनी खाल्ला असेल तर? पानसे-सुखात्मेंच्या रीतीने गेलेल्या प्लॉटचा आकडा सूत्राने अंदाजून भरतात. आरमध्ये तो भरायची गरज नाही, जागा रिकामी सोडा, पण फॉर्म्युल्यात ब्लॉक आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहा. एओव्ही क्रमाने हिशेब करतं. प्लॉट पूर्ण असताना क्रम बदलून काही बिघडत नाही, एक गेला की बिघडतं.

आता यादीतल्या बाकीच्यांचं भराभर. मॅटलॉफ यांचं २०११चं 'दि आर्ट ऑफ आर प्रोग्रामिंग' सुंदर आहे, पण ते भाषा शिकवतं. सी किंवा जावा केलेल्या मित्राला द्या. विकम यांचं 'ॲडव्हान्स्ड आर' नावाप्रमाणेच आहे, आत्ता हात लावू नका. फील्ड आणि मंडळींचं २०१२चं जाडजूड पुस्तक संख्याशास्त्र छान समजावतं, मात्र त्यातले ब्रिटिश विनोद कळायला जेवढं इंग्रजी लागतं तेवढ्यात दुसरं पुस्तक वाचून होईल. 'इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' फुकट आहे, दर्जेदार आहे, आणि तुमच्या वीस प्लॉटशी त्याचा काही संबंध नाही. एखाद्याचं बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालं असेल तर पुण्याच्या पुरोहित, गोरे आणि देशमुख यांचं नारोसाचं २००८चं 'स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर' त्याला घरचं वाटेल.

पुढे नोकरी डेटाची करायची असेल तर, मघाशी म्हटलं तसं, क्रम उलटा. आधी 'आर फॉर डेटा सायन्स' पूर्ण, सगळे स्वाध्याय करून, आणि डालगार्ड नंतर लागेल तसा. तिथे वीस आकडे कुणी देत नाही. लाखभर ओळी मिळतात, त्यातल्या निम्म्यांत तारीख चुकीची असते, आणि ॲनोव्हाचा प्रसंग वर्षातून एकदा येतो.

विकत घेताना एक काळजी. अप्पा बळवंत चौकात किंवा ऑनलाइन स्वस्त भारतीय आवृत्ती मिळते, ती आधी चाळा. आवृत्ती कितवी ते आतल्या पानावर बघा. माझ्याकडे आलेखांवरचं एक पुस्तक आहे, त्यात "लाल ठिपक्यांकडे लक्ष द्या" असं लिहिलंय आणि पानावर सगळे ठिपके करडे. मागची सूचीही बघा: फॅक्टर, मिसिंग व्हॅल्यू, ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स हे तीन शब्द सापडले नाहीत तर पुस्तक जागेवर ठेवा.

माझी स्वतःची सुरुवात कशी झाली तेही ऐका, म्हणजे जाड पुस्तकाचा मोह कमी होईल. मी हजार पानांचा एक ग्रंथ आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. दीडशे पानांनंतर वाटलं, आलं आपल्याला. त्यात अटॅच नावाचं फंक्शन वापरायची सवय लागली. डेटा एकदा अटॅच केला की कॉलमची नावं सुटी लिहिता येतात. मी खरिपाचा डेटा अटॅच केला, मग रब्बीचा. दोन्हीत उत्पन्नाच्या कॉलमचं नाव एकच. नंतर अटॅच केलेला वर बसतो. मी खरीप म्हणून जे टेबल काढलं ते रब्बीचंच होतं. आरने लाल अक्षरांत सांगितलंही होतं की आधीची नावं झाकली गेली आहेत. लाल अक्षरं वाचायची असतात हे त्या ग्रंथात असेलही, पुढच्या साडेआठशे पानांत कुठेतरी. ग्रंथ अजून कपाटात आहे. शब्दकोशासारखा वापरतो, तसा तो फार चांगला आहे.

तर तुमच्या टेबलावर डालगार्ड, ग्रंथालयातून पानसे-सुखात्मे, आणि आलेख काढायची वेळ आली की ब्राउझरमध्ये 'आर फॉर डेटा सायन्स'. विकत घेतलेली दोन सध्या गुंडाळून ठेवा, वाया जाणार नाहीत.

या रविवारी पुस्तक उघडायच्या आधी एवढं करा. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच प्लॉट लिहा. तीन कॉलम: रेप्लिकेशन, ट्रीटमेंट, उत्पन्न. वीस ओळी, वर मथळ्याची एक. मधे रिकामी ओळ नको, रंग नको, मर्ज केलेले चौकोन नकोत, आकड्याच्या पुढे "किलो" नको. ट्रीटमेंटला १, २ लिहिण्याऐवजी टी१, टी२ लिहा, रेप्लिकेशनला आर१, आर२. फाइल सीएसव्ही करून ठेवा. सातव्या प्रकरणातल्या ओळींत ती घालून टेबल काढलंत की सगळ्यात आधी डीएफचा कॉलम बघा. ४, ३, १२ दिसले तर एफ वाचायला हरकत नाही. दुसरं काही दिसलं तर ते टेबल मला पाठवा, सोबत सीएसव्हीच्या पहिल्या पाच ओळीही. नुसता स्क्रीनचा फोटो नको.